गूढरीत्या नाहीसे झाले म्हणे!

काही वाक्यं अशी असतात की ती पहिल्यांदा कोण म्हणालं हे कोणालाच माहीत नसतं, पण म्हणतात मात्र सगळे. "माया संस्कृती गूढरीत्या नाहीशी झाली" हे त्यातलंच एक. टूर कंपनीच्या माहितीपत्रकात हेच, यूट्यूबवरच्या भसाड्या आवाजातल्या व्हिडिओत हेच, आणि कँटीनमध्ये चहाचा कप हातात घेऊन जगाचं ज्ञान वाटणाऱ्या आमच्या एका सीनियरच्या तोंडीही हेच. मला या वाक्याचा मनापासून राग आहे. आज शनिवार आहे, प्रॉडक्शनला काही जळत नाहीये, तेव्हा तो राग आज सविस्तर काढणार आहे.

आधी आकडे सांगतो, म्हणजे नंतर भांडायला बरं. ग्वाटेमालाच्या 2018 च्या जनगणनेत सुमारे 62 लाख लोकांनी "आम्ही माया" असं सांगितलं. देशाची जवळजवळ 42 टक्के लोकसंख्या झाली ही. मेक्सिकोच्या 2020 च्या जनगणनेत युकातानची माया भाषा बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास निघाले. त्याशिवाय चियापासमधले त्सोत्सिल आणि त्सेल्ताल आहेत, बेलीझमधले आहेत. तीसेक माया भाषा आजही घरात, बाजारात, फोनवर बोलल्या जातात. नाहीसं होण्याची ही पद्धत जरा अजबच म्हणायची, नाही का?

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षीची चिचेन इत्झाची ट्रिप. मी डॅलसला ऑनसाइट होतो, थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड होता, आणि आम्ही चौघं कॅनकूनला गेलो. (अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिकोला वेगळा लागत नाही. ऑनसाइटवाली देसी जनता तिकडे लोटते त्याचं खरं कारण हे.) कॅनकूनहून चिचेन इत्झा साधारण 200 किलोमीटर. सकाळी बस, दुपारी बुफे, संध्याकाळी परत हॉटेल, असा ठरलेला मामला.

जागा भन्नाट आहे, त्यात वाद नाही. झाडीतून बाहेर आलं की समोर एकदम एल कास्तिय्यो, म्हणजे कुकुलकानचा पिरॅमिड. चार बाजूंना 91 पायऱ्या, त्यावर मंदिराचा एक कट्टा, मिळून 365. सुमारे 30 मीटर उंच. पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो, त्यामुळे तिथे कायम पन्नासेक माणसं आरतीला आल्यासारखी टाळ्या वाजवत असतात. 2006 पासून वर चढायला बंदी आहे, आणि ते उत्तमच झालं. चेंडूच्या खेळाचं मैदान तर 168 मीटर लांब, फुटबॉलच्या मैदानापेक्षा मोठं. पुढे जंगलातून चालत गेलं की तो पवित्र सेनोते, चुनखडीची जमीन खचून तयार झालेली प्रचंड विहीर. नावातच ती आहे : चिचेन इत्झा म्हणजे इत्झा लोकांच्या विहिरीचं तोंड. चि म्हणजे तोंड, चेन म्हणजे विहीर. हे शब्द आजच्या युकातेक मायामध्येही आहेत, त्यासाठी कोणा पुरातत्त्वज्ञाला उठवायची गरज नाही.

तर आमचा गाइड माइकवरून सांगत होता, "...आणि मग एक दिवस, लेडीज अँड जंटलमेन, ते सगळे नाहीसे झाले. का? कोणालाच माहीत नाही." मग एक पॉज. बसमध्ये "ओऽऽऽ". दुपारी जेवणाच्या वेळी मी पाण्याची बाटली आणायला बाहेर गेलो तर हाच मनुष्य बसच्या सावलीत उभा राहून फोनवर बोलत होता. स्पॅनिश माझी यथातथाच आहे, पण ती स्पॅनिश नव्हती हे नक्की. मध्येच आवाज तोडल्यासारखी अक्षरं, भरपूर 'श'. फोन ठेवल्यावर मी विचारलं, ही कुठली भाषा? म्हणाला, "माया. आई होती. तिला इंग्लिश येत नाही आणि स्पॅनिश बोलायचा कंटाळा."

मी म्हटलं, "पण तुम्ही तर सकाळी सांगत होता की सगळे नाहीसे झाले."

तो हसला. "ते कंपनीचं स्क्रिप्ट आहे. लोकांना आवडतं."

माझं भांडण त्या माणसाशी अजिबात नाही. घर चालवायचं तर क्लायंटला आवडेल तेच बोलावं लागतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांनी तरी त्याला शिकवू नये. माझं भांडण "लोकांना आवडतं" मधल्या लोकांशी आहे. म्हणजे बसमधल्या आपल्याशी. जिवंत माणूस माइक हातात घेऊन समोर उभा आहे आणि त्याला रोज पगारासाठी सांगावं लागतंय की मी अस्तित्वात नाही, हे आपल्याला थ्रिलिंग वाटतं.

मग झालं तरी काय होतं? नवव्या शतकात दक्षिणेकडची, म्हणजे आजच्या ग्वाटेमाला-चियापासच्या सखल जंगलातली मोठी शहरं एकेक करून ओस पडली. तिकाल, पालेंके वगैरे. त्यांच्या दीर्घगणनेतली तारीख कोरलेला शेवटचा दगड तोनिनाचा, साल 909. कारणं सांगायला देवऋषी नको. राजघराण्यांच्या आपसातल्या लढाया, माणसांच्या मानाने कमी पडलेली जमीन, आणि एकामागून एक दुष्काळ. युकातानमधल्या चिचानकानाब तलावाच्या गाळात त्या कोरड्या वर्षांची नोंद सापडली आहे, 1995 मध्ये ती प्रसिद्ध झाली. राजे गेले, दरबार गेले, लोक जिथे पाणी होतं तिथे गेले. आणि ज्या चिचेन इत्झामध्ये उभं राहून हा "नाहीसे झाले"चा प्रयोग रोज होतो, ते शहर दक्षिणेतली शहरं ढासळत होती तेव्हाच तर भरभराटीला आलं होतं! ते उतरणीला लागल्यावर मायापान मोठं झालं, ते पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलं. हंपीचे दगड बघून "कन्नड लोक कुठे बरं गेले असतील" असं कोणी विचारलं तर त्याला आपण बसमधूनच उतरवू. इथे मात्र त्याला टिप देतो.

बरं, स्वतंत्र माया राज्य शेवटचं पडलं कधी? माहीत नसेल तर अंदाज करा. पेतेन इत्झा तलावातल्या बेटावरचं नोहपेतेन स्पॅनिशांनी घेतलं ते 13 मार्च 1697 ला. म्हणजे शिवाजी महाराज जाऊन 17 वर्षं झाली होती आणि इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, इतकं अलीकडे. कोर्तेसने मेक्सिको जिंकल्यावर तब्बल पावणेदोनशे वर्षं हे लोक टिकून राहिले. आज त्या बेटावर फ्लोरेस नावाचं गाव आहे, तिकालला जाणारे लोक तिथे मुक्काम करतात आणि मावळतीचे फोटो टाकतात.

आता त्या लाडक्या 'गूढ' शब्दाकडे येऊ. माया लोकांकडे लिपी होती. झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेली, घडी घालून ठेवायची पुस्तकं होती. 12 जुलै 1562 ला युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने ती सापडतील तेवढी जाळली. आजवर अशी चारच पुस्तकं हाती आहेत : ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिसला एकेक, आणि चौथं मेक्सिकोत, जे खरं की बनावट यावर कित्येक वर्षं वाद होता आणि 2018 मध्ये खरं ठरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी येऊन सिस्टीमचं सगळं डॉक्युमेंटेशन जाळलं, डेव्हलपर्सना कोड लिहायला बंदी केली, आणि चारशे वर्षांनी त्यांचेच वारस कन्सल्टंट म्हणून येऊन सांगतायत, "व्हेरी मिस्टीरियस सिस्टीम." अरे बाबा, मिस्टीरियस तुम्ही केलीत ती!

आणि ते गूढ उकललंही आहे, हे सांगायला मात्र कोणी तयार नाही. 1952 मध्ये लेनिनग्राडमध्ये बसून युरी क्नोरोझोवने दाखवून दिलं की ही चिन्हं नुसती चित्रं नाहीत, यात उच्चार लिहिलेले आहेत. गंमत म्हणजे त्याला किल्ली मिळाली ती त्याच लांदाने लिहून ठेवलेल्या एका तोडक्यामोडक्या वर्णमालेतून. या गड्याने तोवर एकही माया शहर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, ग्वाटेमालाला पहिल्यांदा गेला तो थेट 1990 मध्ये. पाश्चात्त्य पंडितांचा मेरुमणी एरिक थॉम्पसन याने त्याला आयुष्यभर मोडीत काढलं. 1960 मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकोफने दाखवलं की पिएद्रास नेग्रासच्या शिळांवर राजांचे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू कोरलेत. चांदण्यांची पूजा करणाऱ्या शांत ज्योतिष्यांची जी गोड कल्पना तोवर होती ती गेली आणि समोर आले राजे, राण्या, तह, गद्दारी, कैद झालेले शत्रू. म्हणजे अगदी आपल्या बखरींसारखा माल. आज बरेचसे शिलालेख वाचता येतात. वाचायला आजच्या माया भाषाच उपयोगी पडतात, कारण भाषा मेलेली नाही. पण पन्नास मिनिटांच्या 'मिस्ट्री' डॉक्युमेंटरीत हे घातलं तर उरलेली पंचेचाळीस मिनिटं करायचं काय?

त्यात मग परग्रहवासी येतात. हे प्रकरण आपल्याकडेही जोरात आहे, फॉन डॅनिकेनची पुस्तकं मराठीत येऊन कित्येक घरांत पोचली, आमच्याही घरी काकाच्या कपाटात होती. पालेंकेच्या पाकाल राजाच्या शवपेटीवरचं झाकण हा त्यातला हुकमी एक्का. ते झाकण आडवं धरायचं आणि म्हणायचं, हा बघा अंतराळवीर, हा बघा लिव्हर, हा मागून निघणारा धूर! उभं धरलं की तोच राजा पाताळाच्या जबड्यावर आहे आणि त्याच्यामागे विश्ववृक्ष उभा आहे. हा पाकाल 615 मध्ये 12 वर्षांचा असताना गादीवर बसला आणि 683 मध्ये वारला. 1952 मध्ये अल्बेर्तो रुझ त्याच्या थडग्यापर्यंत पोचला. झाकणाच्या कडेला तारखा आणि पूर्वजांची नावं कोरलेली आहेत. म्हणजे कमेंटिंग व्यवस्थित आहे, वाचायची तयारी नाही एवढंच. आणि एक बघा, युरोपातली कॅथेड्रल्स परग्रहवासीयांनी बांधली असं कोणी म्हणत नाही. ती युरोपियनांनीच बांधली हे सगळ्यांना पटतं. शंका फक्त काळ्यासावळ्या लोकांच्या बांधकामावर येते.

तुम्ही म्हणाल, आपण भारतीय, आपण कशाला असं करू? करतो की! आपली आवृत्ती वेगळी आहे, एवढंच. "माया म्हणजे मयासुर. मयसभा बांधणारा मय दानव पुढे अमेरिकेला गेला." हा फॉरवर्ड मला आत्तापर्यंत तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय, त्यातला एक चक्क कॉलेजच्या, सगळे इंजिनिअर असलेल्या. पुरावा काय, तर नाव सारखं वाटतं. मुळात या सगळ्या लोकांना एकत्र 'माया' म्हणणं हे बरंचसं नंतरच्या लोकांनी केलेलं आहे. तो शब्द युकातानकडचा. ग्वाटेमालाच्या डोंगरातले लोक स्वतःला किचे, काक्चिकेल, माम, केक्ची म्हणतात. आता किचेचा असुर शोधा!

युरोपने आपल्या अंकांना 'अरबी अंक' म्हटलं की आपलं रक्त उकळतं. उकळावंच. पण माया लोकांनी शून्य स्वतंत्रपणे वापरलं, वीसच्या पटीतले अंक लिहिताना शिंपल्याच्या आकृतीने ते दाखवलं, हे सांगितलं की त्याच उकळत्या रक्ताची माणसं म्हणतात, "आपल्याकडूनच गेलं असणार." दुसऱ्याच्या पूर्वजांचं श्रेय ढापताना आपल्याला अभिमान वाटतो, हा भाग मला तरी कळत नाही.

2012 चं तर बोलायलाच नको. मी तेव्हा शाळेत होतो आणि 21 डिसेंबरला जग बुडणार म्हणून वर्गातल्या निम्म्या पोरांनी अभ्यास सोडला होता. (निकालाच्या दिवशी जग व्यवस्थित शाबूत होतं.) त्या दिवशी झालं काय, तर दीर्घगणनेतलं 13 बाक्तुनांचं, म्हणजे 18 लाख 72 हजार दिवसांचं चक्र पुरं झालं. गाडीच्या मीटरचे आकडे फिरून पुन्हा शून्यावर यावेत तसं. मीटर फिरला म्हणून गाडीचा स्फोट होत नाही. पालेंकेच्याच शिलालेखात पाकालच्या राज्यारोहणाच्या एका भावी वाढदिवसाची तारीख कोरली आहे, ती पडते इसवी सन 4772 च्या ऑक्टोबरात. ज्यांना जग 2012 ला संपणार हे ठाऊक होतं ते 4772 चं कॅलेंडर कशाला छापतील?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बरं बाबा, एक वाक्य चुकीचं आहे, पण त्याने कोणाचं काय बिघडतं?

बिघडतं. युकातानच्या माया लोकांनी 1847 मध्ये जमीनदारांविरुद्ध उठाव केला. तो इतका पेटला की पूर्वेच्या जंगलात त्यांनी चान सांता क्रूझ ही आपली राजधानी करून पन्नासेक वर्षं जवळपास स्वतंत्र कारभार चालवला. मेक्सिकोच्या फौजेने ती घेतली 1901 मध्ये. तो प्रदेश आज किंताना रू नावाच्या राज्यात येतो. कॅनकूनही त्याच राज्यात आहे, आणि त्याचं बांधकाम सुरू झालं 1970 मध्ये. आपण ज्या बीचवर पाय पसरून मार्गारिता पितो ते हॉटेल त्या युद्धाच्या राज्यात उभं आहे, पण तिथल्या एकाही माहितीपत्रकात मला त्या युद्धाबद्दल एक ओळ दिसली नाही. 'नाहीशा झालेल्या' लोकांनी 1847 मध्ये बंड केलं असं छापणार तरी कसं?

ग्वाटेमालात तर याहून वाईट. 1960 ते 1996 तिथे यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 1999 मध्ये अहवाल दिला : दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा गायब झाली. ज्यांची पूर्ण ओळख पटली अशा बळींपैकी 83 टक्के माया होते. अत्याचारांपैकी 93 टक्के सरकारी फौजा आणि त्यांच्या निमलष्करी गटांच्या नावावर. एकट्या फौजेच्या बाजूने 626 हत्याकांडं. काही भागांत जे झालं त्याला आयोगाने वंशसंहार हाच शब्द वापरला. 2013 च्या मे महिन्यात माजी लष्करशहा रिओस माँतला त्याबद्दल 80 वर्षांची शिक्षा झाली, आणि दहा दिवसांत घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. पुढचा खटला संपायच्या आत, 2018 मध्ये, तो वारला. म्हणजे माया लोक नाहीसे कसे होतात हे बघायचंच असेल तर ते तारीखवार, गावांच्या नावांसकट छापलेलं आहे. त्यात गूढ काहीही नाही. पण त्या वर्षांत तिकालचे पिरॅमिड देशाचा अभिमान होते आणि ते बांधणाऱ्यांचे वंशज शत्रू. मेलेला माया पोस्टावर, जिवंत माया बंदुकीसमोर.

चिचेन इत्झामध्ये रक्त नाही, पण हिशेब तोच आहे. 1894 मध्ये एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकन वकिलातीतल्या गृहस्थाने ही जमीन अवशेषांसकट विकत घेतली, सेनोतेमधून सोनं, जेड, हाडं उपसली आणि हार्वर्डच्या पीबडी म्युझियमला पाठवली. काही वस्तू पुढे परत आल्या. मग जमीन युकातानच्या एका धनिक कुटुंबाकडे गेली आणि 2010 पर्यंत खासगीच होती. म्हणजे 1988 मध्ये जागतिक वारसा, 2007 मध्ये जगातल्या नव्या सात आश्चर्यांत नाव, आणि सातबारा एका घराण्याचा! 2010 मध्ये राज्य सरकारने ती विकत घेतली. वर्षाला वीस लाखांहून जास्त लोक तिकीट काढतात. 2024 च्या जानेवारीत शेजारच्या पिस्ते गावच्या लोकांनी रस्ता अडवून साइट काही दिवस बंद पाडली, तेव्हा पर्यटकांचा किती खोळंबा झाला याच्याच बातम्या जास्त.

पिरॅमिडच्या वाटेवर दोन्हीकडे विक्रेते असतात. लाकडी मुखवटे, ओढण्या, आणि फुंकलं की जग्वारसारखी गुरगुरणारी मातीची शिट्टी. "वन डॉलर, ऑलमोस्ट फ्री!" आमच्यातला एक वैतागून म्हणाला, "अरे, या लोकांनी जागेची पार वाट लावलीय. हाकलून का देत नाहीत यांना?" त्याला मी विचारलं, हाकलून कुठे द्यायचं? त्यातले बरेचसे आसपासच्या गावांतले माया आहेत. ज्यांच्या पणजोबांनी खोदकामात दगड उपसले त्यांनी उन्हात बसायचं आणि आपण त्यांना अतिक्रमण म्हणायचं. त्याला ते पटलं नाही. परतीच्या बसमध्ये तो माझ्याशी बोललाही नाही, हेडफोन लावून झोपला. असो.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. सकाळी 8 ला दार उघडतं, टूरच्या बसेस दहा-साडेदहाला येतात, त्याआधी पोचलात तर पिरॅमिड जवळजवळ एकट्याने बघायला मिळतो. पिस्तेमध्ये मुक्काम करा, कॅनकूनच्या निम्म्या पैशात होतो. तिथे सकाळी कोणी भेटलं तर "बिश आ बेल?" म्हणा. शब्दशः, तुझी वाट कशी आहे? उत्तर बहुधा "माऽलोब" येईल, म्हणजे मजेत. आणि बसमधून गेलातच, आणि माइकवर ते "एक दिवस सगळे नाहीसे झाले" सुरू झालं, तर हात वर करून विचारा की मग पिस्तेमध्ये तोर्तिया कोण भाजतंय. चार माणसं वळून बघतील. बघू देत.